कावळ्याचा सांगावा

माझा विषय सांगितला की लोकांना आधी तराजूच आठवतो. "तौलनिक म्हंजी काय तोलता तुम्ही?" असं लातूरच्या भाजीवालीपासून माझ्या नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे, की बाई, दोन-तीन भाषांतलं साहित्य शेजारी शेजारी ठेवून बघायचं असतं, कुठं जुळतं, कुठं जुळत नाही. पुढं पुढं कंटाळा आला. कोणी विचारलं की "कांदे-बटाटे" म्हणून मोकळी व्हायचे. मी जराशी तापटच आहे, ते आधीच सांगून ठेवते.

नांदेडचे माझे पीएच.डी.चे गाईड मात्र लई कौतुकानं म्हणायचे, "बाई, आपल्या भागात ह्या विषयात उतरणाऱ्या तुम्ही पहिल्याच." डोंबलाचं कौतुक! पहिली म्हणजे काय, तर अडलं तर विचारायला कोणी नाही. मराठीवाले म्हणायचे, ह्यात तेलुगू फार आहे. तेलुगू जाणणारं तिथं कोणी नव्हतंच. अन् कन्नड म्हटलं की सगळे उदगीरच्या पलीकडं बोट दाखवायचे. आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना, तसली गत.

पण विषय काही मी आकाशातून आणला नव्हता. मी देगलूरची. आमच्या गल्लीत एका घरचं भांडण मराठीत चालायचं, दुसऱ्याचं तेलुगूत, अन् सोडवायला येणारे चाचा दखनीत ओरडायचे. मायचं माहेर पलीकडं तेलंगणात, शेजारीण बिदरकडची. मला लहानपणी वाटायचं सगळ्याच गावांत असंच असतं. लातूरला नांदायला गेले तेव्हा कळलं, की तिथं सगळे एकाच भाषेत भांडतात.

अभ्यासाला मी बायकांचं रडणं घेतलं. हसू नका. आमच्याकडं मयत झालं की बायका नुसत्या रडत नाहीत, गाणं म्हणावं तसं म्हणून रडतात. हेल काढून, मेलेल्याला हाका मारत. त्याला काय आवडायचं, त्याच्या खोडी काय होत्या, कोणी त्याला छळलं, कोणी शेवटचं पाणी पाजलं, सगळं त्या रडण्यात ओवलेलं असतं. जे जित्या माणसाच्या तोंडावर बोलायची सोय नसते ते मेल्यावर मोठ्यानं बोलता येतं, अन् त्याबद्दल बाईला कोणी काही म्हणत नाही. सीमेवरच्या आमच्या बायका तर एकाच रडण्यात तीन भाषा आणतात. कुठल्या दुःखाला बाई कुठली भाषा वापरते, एवढंच मला बघायचं होतं.

अन् ह्यात पट्टीची होती माझी माय. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण गल्लीत कोणी गेलं की आधी हिला बोलावणं यायचं. ती डोक्यावरनं पदर ओढून बसली अन् पहिली हाक मारली, की बाकीच्यांना रडणं सुचायचं. माझ्या अभ्यासाचा मुख्य भाग तिच्याच रडण्यावर उभा राहणार होता. गाईडनाही मी तसं सांगून बसले होते.

मायनं साफ नकार दिला.

"माणूस मेल्याबिगर ते तोंडात घेऊ न्हाई," म्हणाली. "घेतलं की घरचं एक जातं."

"माय, तू रडू नको. नुसतं सांग. मी लिहून घेते."

"नुसतं सांगायला ती काय भाजीची कृती हाय? तिखट किती अन् मीठ किती?"

"तुझ्या लेकीच्या पदवीचा सवाल हाय."

"अन् माझ्या लेकीच्या जिवाचा न्हाई का?"

झालं. पुढं बोलायची सोयच ठेवायची नाही ती. बाकीच्या बायकांनी तुकडे तुकडे दिले, तेही देवाला हात जोडून, घाबरत घाबरत. खरं ऐकायचं तर मयतालाच जायला पाहिजे. एकदा जळकोटला लांबच्या नात्यात मयत होतं, तिथं गेले. बायकांत बसले, पदराआड मोबाईल धरला. मेलेल्याच्या पुतण्याचं लक्ष गेलं. "अहो बाई, मयताला आलात का शूटिंगला?" असं सगळ्यांसमोर विचारलं त्यानं. बायकांचं रडणं थांबलं अन् सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेव्हापासून कानाला खडा लावला.

आता लातूरच्या घराचं सांगते, म्हणजे पदवीचा एवढा सोस मला का होता ते कळेल.

आमचं घर क्लासेसच्या भागात. बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, त्यांना खायला लागतं. सासरचा धंदा मेसचा. सकाळी नाष्टा, दुपारी डबे, संध्याकाळी डबे, रविवारी गोडाचं. पोळ्या लाटायला बायका होत्या, पण त्यातली एक नाही आली की लाटणं माझ्या हातात. त्या रोज आळीपाळीनं न यायच्या. मी एम्.ए. झालेली, तीन भाषा वाचणारी, अन् माझा दिवस जायचा "आज वांगं नको, पोरं टाकून देतात" ह्यात.

नवरा वाईट नव्हता. हेच तर दुखणं होतं. मारत नव्हता, पीत नव्हता, वरच्या आवाजात बोलत नव्हता. मी कुरकुर केली की शांतपणे म्हणायचा, "कोण अडवलंय तुला? कर की अभ्यास. डबे गेल्यावर दिवस मोकळाच हाय." डबे गेले की रिकामे डबे यायचे. रिकामे डबे घासले की भाजी निवडायची. कोण अडवलंय तुला! दाराला कडी असती तर मी ती वाजवून तरी बघितली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, अन् वर बुक्की मारणारा कोणी दिसत पण नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मी एकदा निघून आले होते. एक थैली भरली अन् सरळ देगलूरला. दारात उभी राहून मायला म्हटलं, "मी आता जात नसते परत." मायनं चूल पेटवली. पिठलं टाकलं, भाकरी थापली, मला पोटभर खाऊ घातलं. मी जेवून हात धुतले तोवर तिनं माझी थैली उचलून डोक्यावर घेतली होती. पुढं ती, मागं मी, अशा आम्ही स्टँडवर आलो. तिनं मला परत लातूरला जायला उदगीरच्या गाडीत बसवलं अन् थैली मांडीवर ठेवली. गाडी हालेपर्यंत खिडकीखाली उभी होती. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधीच बोललो नाही. पुढं पोरगा झाला, मोठा झाला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. तो गेला तसं घर आणखीच गच्च झालं, का कोण जाणे.

म्हणून ती पदवी. पदवी झाली तर नांदेडला नाहीतर देगलूरला कॉलेजात कुठंतरी उभं राहता आलं असतं. "नोकरी लागली" म्हटलं की बाई घराबाहेर पडलेली चालते आमच्याकडं. नुसतं "जीव गुदमरतो" म्हटलेलं चालत नाही. पण मुदतवाढी घेऊन घेऊन संपत आल्या होत्या. गाईड म्हणाले, "बाई, आईंचं रडणं नसेल तर ह्यात उरतं काय? ही शेवटची मुदत. पुढं माझ्या हातात नाही." माय काही रडत नव्हती, अन् रडावं असं तरी मी कुठल्या तोंडानं म्हणणार? तिनं रडायचं तर कोणीतरी मरायला पाहिजे. अशी मी दोन्हीकडून चेपले गेले होते.

त्या उन्हाळ्यात मला ताप येऊन गेला. चांगला अंगात मुरलेला ताप. मायशी फोनवर बोलताना मला धाप लागायची. उठून फिरायला लागले तसं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, कुरडयांचं काम काढलं. सकाळी गच्चीवर मी कुरडया घालत बसले होते. एकदम डोक्यावर फडफड झाली अन् नखं रुतली. कावळा! बसला काय, टोचा मारला काय अन् उडाला काय. मी हातातला सोऱ्या टाकून किंचाळले.

आत्याबाई जिन्यात होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "डोक्यावर बसला? नीट डोक्यावर?"

"अहो, कुरडयांना आला असंल. बसला तर बसला."

"तोंड बंद. खाली चल."

कावळा डोक्यावर बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं मानतात. त्यावर उपाय ठरलेला आहे. माणूस मेल्याचा खोटा सांगावा नातेवाइकांना धाडायचा. ते रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, अन् ते वाटेवरनंच परत जातं. पूर्वी सांगावा घेऊन माणूस जायचा. घरचे मनसोक्त रडले, पाणी प्याले, की तोच हळूच सांगायचा, "कावळ्याचा सांगावा हाय, उठा." मग त्याला गूळ द्यायचे. मला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या प्रबंधात त्याची तळटीप पण होती. पण आपल्या घरात, मोबाईलच्या काळात, कोणी करेल असं वाटलं नव्हतं.

मी खाली येऊन डोकं धूत होते. बाहेर आले तर आत्याबाई टेबलाशी उभ्या, फोन कानाला नाही, समोर ठेवलेला, स्पीकर चालू. अन् त्या रडक्या आवाजात बोलत होत्या, "विहीणबाई, घात झाला. तुमची लेक गेली हो. तापानं गेली."

मी पुढं झेपावले. त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं अन् दुसरा हात माझ्या तोंडावर दाबला. "बोलू नको," कानात म्हणाल्या, "ते रडून पाणी पिईपर्यंत बोलायचं नसतं. तुझ्याच जिवासाठी हाय बाई."

खरं सांगते, ती बाई मला वाचवत होती.

 पलीकडं काहीतरी पडलं, बहुतेक मायच्या हातातला फोनच. तो बंद झाला नाही. मग माय रडायला लागली.

"एक्कड पोतिवे ना बिड्डा..." कुठं गेलीस गं माझ्या लेकरा. हाक तेलुगूत, तिच्या माहेरच्या भाषेत, ज्या भाषेत ती मला न्हाऊ घालायची. मग देवाला बोल लावला तो शेजारणीच्या कन्नडात, जसा काही तो देव तिच्या ओळखीचा नव्हताच. अन् मग मराठीवर आली.

"चार बुकं शिकलीस अन् परक्याच्या चुलीला लागलीस गं माझे बाई,
बोलायची झालीस अन् मुकी केली गं तुला माझे बाई,
दाराशी आलतीस माझ्या, थैली घेऊन आलतीस,
मी पापिणीनं जेवू घातलं अन् थैली डोक्यावर घेतली,
तुझं मरण मीच माझ्या डोक्यावर वाहिलं गं माझे बाई,
मीच गाडीत बसिवलं, मीच गाडीत बसिवलं..."

ह्या बाईच्या तोंडून ऐकायला मी वर्षं वर्षं झुरले होते ते हेच रडणं. माझा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, अन् तो आणायचं मनात सुद्धा आलं नाही. एवढंच जाणवलं, की स्वतःला शिव्या तिनं मराठीत दिल्या. मी शाळेत जी शिकले त्या भाषेत. त्या दिवशीचं सगळं तिला ठाऊक होतं, थैलीचं वजनसुद्धा. मला इतकी वर्षं वाटत होतं ती विसरली.

मी आत्याबाईंचा हात हिसडला अन् ओरडले, "माय! मी हाय! मी मेले न्हाई, माय!"

रडणं मधेच थांबलं. 

"कोण?"

"मी. कावळा बसला म्हणून सांगावा केलता. मी हाय."

"जित्ती हायस?"

"हाव."

"मग हिकडं ये," माय म्हणाली. "डोळ्यानं बघू दे."

आत्याबाई कपाळावर हात मारून खुर्चीत बसल्या. उपाय अर्धाच झाला म्हणून माझ्यावर चिडल्या, पण ज्यांना रडवलं त्यांना तोंड दाखवून यावं लागतं, हेही त्यांच्याच रीतीत होतं. "जा," म्हणाल्या, "दोन दिवसांत ये. डब्याचं बघावं लागंल." नवऱ्यानं स्टँडवर सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरानं मला आपणहून बाहेर काढलं, अन् त्यासाठी मला मरावं लागलं.

देगलूरला पोचले तर माय दारातच. तिनं माझं तोंड, हात, पाठ सगळं चाचपून बघितलं, बाजारात शेळी बघतात तसं. मग पिठलं टाकलं.

"तुला लगेच खरं कसं वाटलं गं?" मी विचारलं.

"लई दिसापून तुझा आवाज मेल्यावानीच येत होता," ती म्हणाली. "फोन आला तवा वाटलं, झालं."

दुसऱ्या दिवशी अंगणात आम्ही अंबाडी निवडत बसलो होतो. मायच आपणहून बोलली, "एकदा रडून झालं की त्या माणसाचं मरण लांब जातंय. आता भ्या न्हाई. लिही काय लिहायचंय ते."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. हाका, देवाला दिलेले बोल, लेकीचे गुण, तिच्या आवडीची भाजी. सुंदर होतं, गाईड खूश झाले असते. पण थैली त्यात नव्हती. दाराशी येणं नव्हतं, गाडी नव्हती.

"माय, त्यात थैलीचं होतं."

"कसली थैली?"

"तू डोक्यावर घेतलीस ती."

"न्हाई. तसलं काही नसतंय त्यात." अंबाडीची काडी तिनं जोरात मोडली. "पुढं लिही."

एकाच रडण्याचे दोन पाठ समोर आले तर ते शेजारी ठेवायचे, अन् बाई दुसऱ्यांदा काय गाळते तिथं बोट ठेवायचं, हीच तर माझी विद्या. पण मी पुढं लिहिलं. बोट ठेवायची छाती झाली नाही.

नवऱ्याचे फोन यायला लागले. आधी "कधी येतीस", मग "दोन बायका आल्या न्हाईत", मग "पोरं वरणाला नावं ठेवायलीत". शेवटी म्हणाला, "मीच घ्यायला येतो." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सकाळी उठून आवरायला लागले तर माझी बॅग जागेवर नाही. खाटेखाली बघितलं, न्हाणीत बघितलं. मग वर बघितलं. माळ्यावर, तुरीच्या पोत्यांच्या पार मागं, तिचा पट्टा दिसत होता. सत्तरीच्या बाईनं शिडी लावून ती तिथं कशी नेली असेल, कोण जाणे. खाली माय चूल फुंकत होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "पीठ मळ," एवढंच म्हणाली.

नवरा आला. ओसरीवर बसला. मायनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, प्रकृती विचारली, मेसची चौकशी केली. सगळं रीतसर.

"बोलवा तिला, मामी," तो म्हणाला. "उदगीरची गाडी धरायची हाय."

"कोणाला?"

"कोणाला म्हंजी? तुमच्या लेकीला."

"आमची लेक तर गेली की, जावईबापू." मायचा आवाज अगदी नेहमीचा होता, साखर पुरली का विचारावं तसा. "तुमच्याच घरनं फोन आलता."

तो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की माय हसत नाही.

"आमचं रडून सुद्धा झालं," ती म्हणाली. "आता परत कोणाला धाडू?"

आत चुलीपुढं माझे हात पिठातच राहिले, अन् मी रडले. हेल काढून, चांगली म्हणून रडले. कुठल्या भाषेत, ते बघायचं राहूनच गेलं.